खानदेशात समुद्र कुठे आहे?

ऑगस्ट महिन्यातल्या एका शनिवारी सायंकाळी जळगावच्या एका सभागृहात परदेशांतून आलेल्या पाच विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. त्यांपैकी ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहराची सतरा वर्षांची एक मुलगी पुढचे चार महिने आमच्या घरी राहणार होती, म्हणून मी आणि पत्नी तिच्या शेजारीच बसलो होतो. दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले, प्रास्ताविक नेहमीप्रमाणे लांबले आणि मग शाळेतल्या मुलींनी आधी लावणी आणि नंतर कोळीनृत्य सादर केले. टोपल्या, वल्ही, दोन टोकांना धरून हलवलेली निळ्या साडीची लाट, कशाचीही उणीव नव्हती. टाळ्या ओसरल्यावर त्या मुलीने माझ्याकडे वळून सावकाश इंग्रजीत विचारले, "इथून समुद्र किती लांब आहे?"

समुद्र पाहायचा तर आम्हाला रेल्वेने मुंबई गाठावी लागते आणि इथे आहे ती तापी, असे मी तिला सांगितले. मग हे नृत्य कोणाचे, या तिच्या प्रश्नाला मी "महाराष्ट्राचे" असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण ते देताना मी थोडी पळवाट काढतो आहे हे मला जाणवत होते, आणि तिलाही ते जाणवले असावे, कारण तिने लगेच पुढचा प्रश्न केला, "आणि तुमचे कोणते?"

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. वारली आकृत्या मुलांकडून शेकड्यांनी काढून घेतल्या, मधुबनीच्या किनारी भरून घेतल्या. परंतु आपल्या गावात कोणती रेषा आहे, असा प्रश्न ना मी कधी मुलांना विचारला, ना मला कोणी विचारला. तो विचारायला साल्व्हादोरहून कोणी यावे लागले, याची मला त्या रात्री थोडी लाज वाटली. तरुणांच्या आंतरराष्ट्रीय विनिमयाविषयी मला जे काही सांगायचे आहे ते या लाजेपासूनच सुरू होते.

आमच्या घरी ती का आली, तर आदल्या वर्षी आमची मुलगी याच योजनेतून जर्मनीला जाऊन आली होती. योजनेचा व्यवहार साधा आहे. विमानभाडे आणि विमा मुलाच्या पालकांनी करायचा, राहण्याजेवण्याची व्यवस्था तिकडच्या कुटुंबाने करायची, वर्षभरात दोन-तीन घरे बदलायची, आणि ज्याचे मूल बाहेर जाते त्याने शक्यतो दुसऱ्याचे मूल आपल्या घरी ठेवायचे. आपल्याकडे सोयरिकीत जी देवाणघेवाण चालते, तिच्याहून हे फार निराळे नाही.

अशा योजनांची मुळे बहुतेक महायुद्धांत सापडतात. अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही संस्था १९१४ च्या युद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक मोटारचालकांची होती, आणि दुसऱ्या युद्धानंतर त्याच चालकांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवण्याचे काम हाती घेतले. डोरिस ॲलन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथे निरनिराळ्या देशांतल्या अकरा वर्षांच्या मुलांचे शिबिर भरवले. शांततेचे शिक्षण मोठ्यांच्या परिषदांपासून नव्हे, तर लहानांपासून सुरू करावे, अशी त्यांची धारणा होती. फ्रान्स आणि जर्मनी यांनी तर जानेवारी १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालयच उभारले. शंभर वर्षांच्या आत तीनदा एकमेकांशी लढलेल्या या दोन देशांतल्या नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी आजवर त्या कार्यालयाच्या उपक्रमांत भाग घेतला आहे.

केवळ एकत्र आणल्याने माणसे एकमेकांना समजून घेतात, हे मात्र खरे नव्हे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांचा अभ्यास मांडताना चार अटी सांगितल्या होत्या: दोन्ही गटांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी बरोबरीचा असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी दोघांना एकमेकांची गरज पडावी, आणि वरच्या व्यवस्थेचा या सगळ्याला पाठिंबा असावा. आमच्या त्या स्वागत समारंभाला या अटी लावून पाहिल्या, तर पाठिंबा तेवढा भरपूर होता, कारण व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या. बाकी तिन्ही अटींच्या नावाने शून्य. नाचणारे नाचले, पाहणारे पाहत राहिले, आणि दोघांनाही एकमेकांची काहीच गरज पडली नाही.

गरज पडली ती पुढच्या आठवड्यात, कानबाईच्या वेळी.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते, आणि तिच्या रोटांच्या प्रसादासाठी पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंदही गावाकडे परततात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या मूळ गावी त्या वर्षी चुलतभावाकडे कानबाई होती. पाहुण्या मुलीने पुरण वाटले, पोळ्या लाटायचा प्रयत्न केला, आणि माझ्या आईने तिला "ये व माय, बस आठे" म्हणून जवळ ओढले. आईला अहिराणीखेरीज काही येत नाही आणि मुलीला तेव्हा मराठीचेही तीनच शब्द येत होते, त्यामुळे दोघी बरोबरीच्या होत्या. पुढे ही मुलगी प्रमाण मराठीआधी अहिराणी शिकली आणि शहरातल्या दुकानात जाऊन "माले पानी दे" म्हणू लागली. दुकानदार हसायचा, आणि तो का हसतो हे तिला समजावून सांगणे मला अवघड जायचे, कारण ते सांगायचे म्हणजे आपल्याच बोलीला आपण कसे खालच्या पायरीवर बसवले आहे, हेही सांगावे लागते.

सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत डफ वाजवणारा पोरगा वहीगायन या इथल्या लोकगायनाच्या मंडळातला, एकोणीस-वीस वर्षांचा, दिवसा केळीच्या बागेत मजुरी करणारा. साल्व्हादोर हे ढोलपथकांचे शहर आहे. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांतून १९७४ साली 'इले आइये' आणि १९७९ साली 'ओलोदुम' ही पथके उभी राहिली आणि जगभर नावाजली गेली, आणि ही मुलगी अशाच एका लहान पथकात वाजवून आलेली होती. तिने हातवारे करून डफ मागितला, त्याने दिला, आणि दोनच मिनिटांत डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकांची पावले अडखळू लागली.

त्याचे कारण मला नंतर समजले. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर वजन हवे असते. शास्त्रीय संगीतात तिला सम म्हणतात, मिरवणुकीत तिला कोणी काहीच म्हणत नाही, पण पाऊल तिथेच पडते. ब्राझीलच्या सांबात सुर्दो नावाचा जो मोठा ढोल असतो, त्याचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर येतो. त्यामुळे ती जिथे पाऊल टाकत होती तिथे आमच्या बायकांचा पाय वर होता. "कलेला भाषा नसते" हे वाक्य मी असंख्य उद्घाटनांत ऐकले आहे आणि, खरे सांगायचे तर, स्वतः दोन-चारदा म्हटलेही आहे. ते अर्धवट आहे. कलेला भाषा असते, उच्चार असतो, आणि तो उच्चार चुकला की गावातली म्हातारीसुद्धा लगेच ओळखते. परक्याला आपला उच्चार जमत नाही आणि आपल्याला त्याचा जमत नाही, हे दोघांच्याही हाताला कळते तेव्हाच शिकायला सुरुवात होते. नंतरचे तीन महिने दर रविवारी तो पोरगा आमच्या गच्चीवर यायचा. त्याला इंग्रजी येत नव्हते, तिला अहिराणी जेमतेम येत होती, आणि दोघे एकमेकांची मात्रा शोधत बसायचे. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली.

असे काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते, याचे एक उदाहरण मला फार पटते. पॅलेस्टिनी वंशाचे विचारवंत एडवर्ड सईद आणि संगीतकार डॅनियल बॅरनबॉइम यांनी १९९९ साली जर्मनीतल्या वायमार येथे इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र आणून वेस्ट-ईस्टर्न दिवान हा वाद्यवृंद सुरू केला. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तंतुवादक दोघे-दोघे मिळून एका स्टँडवरची एकच स्वरलिपी वाचतात. शेजारी बसलेल्याच्या देशाशी आपल्या देशाचे युद्ध असले, तरी पान एकच, आणि गजाची ओढही एकाच दिशेने करावी लागते. या वाद्यवृंदाने शांतता येईल, असा दावा बॅरनबॉइम यांनी केला नाही; आपला झगडा अज्ञानाशी आहे, असे ते म्हणत आले. मला हा संयम आवडतो. आमच्याकडच्या पत्रिकांवर मात्र पहिल्याच ओळीत विश्वबंधुत्व असते.

डिसेंबरमध्ये पाचही विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेण्याचे काम माझ्याकडे आले. लेणी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या जिल्ह्यात असली, तरी जळगावहून ती तासा-दीड तासावर आहेत आणि आम्ही त्यांना मनाने खानदेशातच धरतो. वाहनात मी त्यांना बुद्धाच्या जातककथा सांगितल्या, त्या त्यांनी शिष्टाचारापुरत्या ऐकल्या. खरा कान दिला तो तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या गोष्टीला.

१९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होती. तिच्या मदतीला कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, आणि असितकुमार हलदार होते, जेमतेम एकोणीस-वीसचे. हैदराबादचे दोन चित्रकारही त्या चमूत होते. अंधारात, वटवाघळांच्या घाणीत, आरशाने उजेड आत परतवून किंवा दिव्याच्या प्रकाशात काम चाले. पुढे १९१७-१८ मध्ये आराई काम्पो हा जपानी चित्रकार इथे आला. रवींद्रनाथांनी त्याला भारतात बोलावले होते. कलकत्त्यात जोडासांकोच्या त्यांच्या वाड्यातल्या विचित्रा कलाशाळेत तो बंगाली तरुणांना जपानी कुंचला शिकवत असे. अजिंठ्यात त्याने केलेल्या प्रतिकृती टोकियोला गेल्या आणि १९२३ च्या भूकंपात जळून नष्ट झाल्या. रॉबर्ट गिल या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने त्याआधी केलेली चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली होती आणि ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी बरीच १८८५ च्या आगीत. एवढ्या लोकांनी, एवढ्या वर्षांत, एवढ्या निष्ठेने केलेली कामे अशी एकामागून एक जळाली.

हे ऐकून जपानी मुलगा बराच वेळ गप्प होता. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तो पोहोचला तेव्हा त्याने वही काढली. लेण्यात बसून चित्र काढण्यात अडचणी असतात, रखवालदार हटकतात, मागून सहली येतात. त्याने उभ्यानेच पाच-सहा मिनिटांत पद्मपाणीची भुवई आणि नाक एवढेच काढले. मग ती वही त्याने माझ्यापुढे धरली. मी त्याच्या रेषेशेजारी माझी रेषा काढली. त्याची भुवई एका दमात, बारीक सुरू होऊन जाड होत गेलेली; माझी तीन वेळा उचलून जोडलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी घडवलेली. त्याने माझ्या रेषेकडे पाहिले आणि काहीच बोलला नाही. मी तीस वर्षांचा मास्तर, मला काय ते कळले.

होळीला आम्ही सातपुड्यात गेलो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावची राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटवतात. उंच बांबू उभा असतो, गावोगावचे ढोल येतात, आणि अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू बांधलेले बुध्या नाचत असतात. पाहुण्यांपैकी एकाला ते नृत्य शिकून आपल्या देशात परतल्यावर रंगमंचावर करायचे होते. आमच्याबरोबरच्या एका स्थानिक शिक्षकांनी त्याला समजावले की हे नवसाचे आहे, हे लोक त्यासाठी कित्येक दिवस व्रत पाळतात, अंथरूण सोडतात, आणि ज्याने ते पाळलेले नाही त्याने तो टोप घालायचा नसतो. ढोल वाजवायचा असेल तर ये, म्हणाले, ढोल सगळ्यांचा आहे. कोणती गोष्ट देता येते आणि कोणती देता येत नाही, याची इतकी स्वच्छ वाटणी मी कोणत्याही शिबिराच्या नियमावलीत वाचलेली नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट मात्र बोचत राहिली. आमच्याबरोबर जळगावातली सहा मुले होती, पाहुण्यांच्या वयाची, चांगल्या घरांतली. त्यांतल्या एकानेही सातपुड्यातली होळी आधी पाहिली नव्हती, आणि दोघांना तर पावरा ही जमात आपल्या शेजारच्याच सातपुड्यात राहते हेही ठाऊक नव्हते. विमानाने हजारो किलोमीटर अंतर कापून एखादी मुलगी आल्यावर तिच्या निमित्ताने आमची मुले घरापासून एका दिवसाच्या वाटेवर पहिल्यांदा गेली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्याच अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून त्यांना आंतरभारती सुचली, ती नेमकी याच खटकणाऱ्या जागेवर बोट ठेवणारी होती: प्रांताप्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची गाणी गावीत, एकमेकांच्या घरी राहावे. गुरुजींचे चित्र आमच्या प्रत्येक शाळेत आहे; त्यांची ही योजना मात्र भिंतीवरून खाली उतरलेली मला फारशी दिसली नाही.

आमच्या मुलीचा जर्मनीतला अनुभव याच्या उलट्या बाजूचा आहे. तिथे प्रत्येक समारंभात तिला हिंदी चित्रपटातल्या गाण्यावर नाचायला सांगत. सहा महिने ती नाचली. मग एका हिवाळी संध्याकाळी शाळेतल्या संगीतशिक्षिकेने विचारले की तुमच्या घरातले, कोणी रेकॉर्ड न केलेले असे काही आहे का. हिला आजीची दळणाची एक ओवी आठवली. ती तिने गायली, आणि अर्थ विचारल्यावर ती अडकली, कारण त्यातले निम्मे अहिराणी शब्द तिला कधी कळलेच नव्हते. तिने तिथून रात्री नऊला फोन केला. इथे दीड वाजला होता. आईला झोपेतून उठवले. आईने आधी कोणी वारले का ते विचारले, आणि मग अंथरुणात बसून पाऊण तास एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. मी बाजूला बसून ऐकत होतो. पन्नास वर्षे ज्या घरात ती ओवी होती, तिथे ती पहिल्यांदा अशी उलगडली गेली.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लिहिणे पुरे होणार नाही. विनिमय म्हणजे अदलाबदल, आणि अदलाबदलीत दोन्ही पारडी असतात. आमची मुलगी गेली कारण आम्ही दोघे नोकरदार, तिला इंग्रजी येत होते, आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेता आली. डफवाल्या पोराची निवड कोणी करणार नाही. त्याच्याकडे पारपत्र नाही, शाळा दहावीला सुटलेली, मुलाखतीत "तुझे छंद कोणते" असे इंग्रजीत विचारले तर तो गप्प राहील. मी एका निवड समितीपुढे त्याचे नाव सुचवले होते. त्यांनी सौजन्याने ऐकले, वयाची मर्यादा उलटून गेल्याचे सांगितले, आणि ते नियमाला धरूनच होते. पण वयात बसला असता तरी काय झाले असते, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. ज्यांच्या हातात देण्यासारखे सर्वांत जास्त आहे, ते दालनाबाहेर चपलांजवळ उभे राहतात, आणि आम्ही निळ्या साडीची लाट घेऊन परदेशी जातो.

जूनमध्ये ती मुलगी परत गेली. जाताना माझ्या आईने तिला बिबड्यांचा डबा दिला, तो विमानतळावर उघडून पाहिला गेला, पण सुटला. तिने डफ मागितला नाही. तो देण्याचा आग्रह पोरानेही केला नाही.

यंदाच्या कानबाईला आम्ही पुन्हा गावी गेलो. मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली तेव्हा डफाचा ठेका एकाएकी सरकला, जड थाप दुसऱ्या मात्रेवर पडू लागली, आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींवर आदळता आदळता राहिल्या. माझ्या चुलतीने कानबाई सावरत मागे वळून त्याला दरडावले, "हाई काय वाजाडी ऱ्हायना रे तू?" त्याने मान खाली घातली, पण हात थांबवला नाही. चार-सहा पावले सगळ्याच चुकल्या. मग चुलतीनेच डावा पाय जरा उशिरा टाकला.